साडेपाच गुण

जन्मभर गणिताचे पेपर तपासलेल्या बाबांनी ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. मिहीर दहावीच्या निकालाची वाट बघावी तसा त्यांच्याकडे बघत होता. त्यांच्यासमोर तो कधी प्यायला नव्हता, आणि आज आपल्या ब्रुअरीची पहिली बिअर, ब्राऊन एल, त्यांच्याच हातात देऊन बसला होता.

बाबांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, मग दुसरा घेतला. “भाजक्या पावाचा वास येतो. शेवटी जरा कडवट लागते.”

“दहापैकी किती?”

“साडेपाच.”

मिहीरचा चेहरा उतरला. शेंगदाण्यांची बशी ठेवताना आई हसली. “मनाला लावून घेऊ नकोस. मला बघून हे घरी गेले, तेव्हा तुझ्या आजीनेही हेच विचारलं होतं. पाच म्हणाले होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी होकार कळवायला स्वतःच दारात हजर.”

बाबांनी ग्लास सावकाश रिकामा केला आणि मुलापुढे सरकवला. “ओत. फेरतपासणी करावी लागेल.”

“कुणाची?” आईने विचारलं.

“बिअरची,” शेंगदाण्याचं साल फुंकत बाबा म्हणाले. “तुझे गुण केव्हाच वाढवलेत. निकाल कळवायचा तेवढा राहिला.”