मोठा कूलर

आग्नेल मेकॅनिकने दोन्ही इंटरकूलर गोणपाटावर शेजारी शेजारी ठेवले. एक लहान, शाळेच्या दप्तराएवढा. दुसरा लांबरुंद, कुठल्यातरी ट्रकचा असावा. विघ्नेशने ते कुर्ल्याच्या भंगारबाजारातून स्वतः उचलून आणले होते, आणि सांगून आलेल्या मुली पाहाव्यात तसा तो दोन्हींकडे आळीपाळीने पाहत होता.

त्याचे वडील आत्माराम गॅरेजबाहेर बदामाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. मे महिना होता. गळ्यातल्या गाठीसाठी त्यांना याच गाडीतून परळच्या इस्पितळात शेक घ्यायला न्यावं लागे. मशीनच्या त्या शेकाने मान वांग्यासारखी काळी पडली होती, तिला सदऱ्याची कॉलरही सोसत नव्हती. रविवारी शेक नसतो. तरी ते घरी पडून राहिले नाहीत. मुलगा गाडीला कूलर बसवतोय, तो बघायला हौसेने आले.

काम तसं साधं होतं. टर्बो इंजिनात हवा दाबून कोंबतो, दाबलेली हवा तापते, आणि तापल्या हवेने गाडीचा दम जातो. मध्ये इंटरकूलर असला की ती गार होऊन आत जाते आणि गाडी पळते. गारवा इंजिनाला मिळतो, माणसाला नाही. विघ्नेशला गाडी पळवायचीच होती. सुट्टीच्या पहाटे हायवेवर विरारची पोरं शर्यतीला गाड्या काढत, आणि मागच्या खेपेला त्यांतल्या धवलने याला मागे टाकलं होतं. ते दुःख त्याने बापाच्या दुखण्याहून जास्त मनाला लावून घेतलं होतं.

इंटरकूलरला पूर्ण नावाने हाक मारायला वेळ कुणाला? गॅरेजात तो कूलर, आणि विघ्नेशच्या तोंडी घरीही कूलरच. आगाशीच्या दमट हवेत कूलर कोणी ठेवत नाही, पण आत्मारामांनी तो पाहिला होता. थोरली लेक अश्लेषा नागपूरला दिलेली. तिच्या खिडकीतल्या कूलरपुढे ते भर उन्हाळ्यात पांघरूण घेऊन झोपले होते.

"लहान असेल तर बाजूला बसेल, चाकाच्या वर," आग्नेल म्हणाला. "मोठ्याला पुढेच जागा पाहिजे. रेडिएटरपुढची एसीची जाळी काढावी लागेल. म्हणजे एसी गेला समज."

विघ्नेशची नजर झाडाखाली गेली.

आत्मारामांनी ऐकलं होतं. ते उठून जवळ आले.

"मोठाच बसव," ते म्हणाले. आवाज शेकाने पार बसला होता. "एसीत दम कुठे राहिलाय? येताना गोरेगाव येत नाही तोवर मान पेटते. मोठा कूलर असला की निभेल."

म्हातारा काय समजून बसलाय, ते आग्नेलला आणि विघ्नेशला एकदमच कळलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. विघ्नेश सांगणारही होता, असं आपण धरून चालू. पण मोठा इंटरकूलर समोर पडला होता आणि बाप स्वतःच्या तोंडाने हो म्हणाला होता. त्याने पडत्या फळाची आज्ञा घेतली.

"भाऊ म्हणतायत तर मोठाच बसव," तो म्हणाला. घरात वडिलांना सगळे भाऊच म्हणत.

"त्यांना सांग आधी," आग्नेल हळू आवाजात म्हणाला.

"सांगतो घरी गेल्यावर."

आग्नेलने पाना उचलला. एसीचा गॅस फुस्स करून निघून गेला. जाळी काढून त्याने भिंतीला टेकवली, बंपर आतून कापला, पट्ट्या मारून मोठा इंटरकूलर पुढे बसवला आणि रबरी पाइप जोडून क्लिपा आवळल्या. आत्माराम पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. शेजारच्या वाडीतल्या सावित्रीबाई बाजारातून येत होत्या, त्यांना थांबवून त्यांनी सांगितलं, की विघ्नेश आपल्यासाठी गाडीत कूलर बसवून घेतोय, लोक काही म्हणोत, पोरगा बापाचं बघतो. सावित्रीबाई म्हणाल्या, नशीब काढलंत. विघ्नेश बॉनेटमध्ये डोकं घालून होता. त्याला सगळं ऐकू आलं. त्याने डोकं बाहेर काढलं नाही.

उन्हं कलता कलता गाडी तयार झाली. विघ्नेशने ती चालू करून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. टर्बोची शीळ घुमली आणि गाडी जागच्या जागी थरारली. त्याला आनंद झाला. त्या आनंदाची लाजही वाटली, पण आनंद आधी झाला.

आत्माराम शेजारी बसले. दिवसभर उन्हात तापलेली गाडी भट्टी झाली होती. त्यांनी आपल्या बाजूची काच शेवटपर्यंत वर केली, सदऱ्याची वरची बटणं सोडली आणि काळी मान पुढे करून डॅशबोर्डवरच्या झडपेपाशी नेली. झडपेतून पंख्याचा गरम वारा येत होता. गाडी केळीच्या वाड्यांमधून निघाली. त्यांच्या कपाळावरचा घाम नाकावरून खाली गळायला लागला.

"भाऊ," विघ्नेश म्हणाला, "हा कूलर आहे ना..."

"लागतो थोडा वेळ त्याला," आत्माराम म्हणाले. "मला घाई नाही."

रस्त्यावर नजर ठेवून विघ्नेशने आपल्या बाजूच्या काचेचं हँडल फिरवायला घेतलं. आत्मारामांनी घामेजलेला हात पुढे करून त्याचा दंड धरला.

"नको उघडू रे. गारवा बाहेर जाईल."