प्रीमियम संपलंय

“साधं की प्रीमियम, ताई?” पंपावरच्या माणसाने विचारलं.

“प्रीमियम,” कुंदा म्हणाली. तिने टेम्पोची किल्ली काढून त्याच्या हातात दिली. शेजारच्या सीटवर नवरा छाती दाबून बसला होता. इस्पितळ घाटापलीकडे होतं आणि टेम्पो तिने आजवर फक्त गावातल्या सपाट रस्त्यावर चालवला होता.

“प्रीमियम संपलंय. साधं भरू?”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. घाट लागला की ती पदर तोंडात धरून बसायची आणि नवरा दर वेळी म्हणायचा, “घाबरू नको. प्रीमियम भरलंय, ब्रेक नवे टाकलेत.” तेवढ्या बोलण्यावर तिने बारा वर्षं हा घाट ओलांडला होता.

“भरा साधं,” ती कशीबशी म्हणाली.

चढावर इंजिन घरघरलं की ती स्टिअरिंग आणखी घट्ट धरत होती. शेवटच्या वळणावर टेम्पो धापा टाकू लागला. तिने पहिला गिअर टाकला. टेम्पो रांगत का होईना, वर आला. माथ्यावर तिला रडूच फुटलं. “साध्यावर चढला हो.”

“नेहमी साध्यावरच चढतो,” नवरा डोळे मिटूनच पुटपुटला. “प्रीमियम मी कधीच भरलं नाही. तू घाबरायचीस म्हणून सांगायचो.”

समोर उतार सुरू झाला होता. ब्रेकचं विचारायचा तिला धीर झाला नाही.