अबोला

“मशीन रिकामं चालतंय,” शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या आणि काकांनी घरी टिपलेलं ऐकता ऐकता त्यांनी हेडफोन मानेवर ओढला. “काका, कापड फिरवायला माणूस थांबतो. दोरा तोडायला थांबतो. हे नुसतं पळतंय.”

काका एका इमारतीत लिफ्ट चालवत. चौथ्या मजल्यावर रेडिओचं केंद्र होतं, आणि तिथे रेडिओ माहितीपट करायला शिकवतात हे त्यांना लिफ्टमधल्या बोलण्यातूनच कळलं. वर्गात दहा पोरंपोरी आणि साठीला टेकलेले एकटे काका. शेवटचा कार्यक्रम प्रत्येकानं घरच्या एका माणसावर करायचा होता. काकांनी बायको निवडली. ‘शिवणकाम करते,’ असं कागदावर लिहून दिलं.

“सराव करत असेल,” ते म्हणाले.

“शिवणारी बाई मशीनचा सराव करते?” मागून एक पोरगी हसली. काकाही हसले.

“आणि त्यांचा आवाज कुठाय?” ताईंनी विचारलं. “पावलं आहेत, भांडी आहेत. बाई एक शब्द बोलत नाहीत.”

“अबोला धरलाय तिनं.”

“तुमच्याशी?”

“माझ्याशी धरला असता तर इथे कशाला आलो असतो? घरी निवांत पडलो असतो.” सगळे हसले. मग काकांचा आवाज खाली आला. “माझ्या आईशी. चौऱ्याऐंशीची आहे, दिसत नाही तिला. रागाच्या भरात हिला म्हणाली, तू माझ्या मरणावर टपली आहेस. दुसऱ्याच दिवशी पडली, खुबा मोडला. महिनाभर दवाखान्यात होती. घरी आली तेव्हापासून विचारतेय, ती माझ्याशी का बोलत नाही. हिचे दोन शब्द कानावर पडले की सुखानं डोळे मिटेल म्हातारी.”

“मग घेऊन या त्यांना इथे. मी बोलतं करते.”

“परक्यांसमोर नाही तोंड उघडायची.”

काका उठले तेव्हा लंगडत होते.

“पायाला काय झालं?”

“नवी चप्पल लागली.”

ताईंनी खाली पाहिलं. काकांच्या पायात तेच जुने, दोनदा टाके घातलेले बूट होते.

घरी काकांची आई आतल्या खोलीत पलंगावर पडून असे. सकाळी तिला चपला ऐकू येत. चटक चटक, ओट्यापासून मशीनपर्यंत. मग मशीन सुरू होई. कधी चपला दारापाशी आल्या की ती मान वळवून मोठ्यानं म्हणे, “म्हातारीचं तोंड वाईट गं. मनात काही नव्हतं.” चपला थबकत. मग हळूच परत फिरत.

थोड्या वेळानं मुलगा चहा घेऊन आत येई.

“तिनं केलाय?”

“मग काय मी केलाय? माझ्या हातचा तुझ्या घशाखाली उतरला असता का?”

आई कप दोन्ही हातांत धरून बसे. एकदा म्हणाली, “काल लांबच लांब शिवण घालत होती. पडदा का रे?”

“पडदा.”

“हं.”

दुसऱ्या दिवसापासून मशीन थांबत थांबत चालू लागलं.

पुढच्या वर्गाला काकांनी ताईंपुढे फोन धरला. त्यात बायकोनं बोलून पाठवलेले निरोप होते. ‘अहो, येताना दूध आणा.’ ‘आई विचारतायत, उशीर का झाला.’ ‘चहा झाकून ठेवलाय, आल्यावर घ्या.’

“यातून ‘आई, चहा घ्या’ एवढं जोडता येईल?”

“येईल,” ताई म्हणाल्या. “पण कार्यक्रमात चालणार नाही. माणूस जे बोललाच नाही, ते त्याच्या तोंडी घालायचं नसतं.”

“कार्यक्रमात नाही घालत. हिलाच ऐकवतो. म्हणावं, एवढंच तर बोलायचंय.”

ताई हसल्या आणि त्यांनी कसं जोडायचं ते दाखवलं. तीन संध्याकाळी काका संगणकासमोर बसले. जाड बोटांनी शब्द कापले, सरकवले, पुन्हा कापले. शेवटी त्यांनी ताईंना बोलावलं.

“श्वास का काढलात?” ताईंनी विचारलं.

“मधे खरखर वाटली.”

“खरखर नाही ती. माणूस श्वास घेऊन बोलतो. श्वास काढला की मेलेलं माणूस बोलल्यासारखं वाटतं. परत घाला.”

काकांनी श्वास परत घातला.

“आणि घरातली शांतता मिनिटभर टिपून आणा,” ताई जाता जाता म्हणाल्या. “ती शब्दांच्या खाली अंथरा. प्रत्येक घराची शांतता वेगळी असते. नाहीतर ऐकणाऱ्याला सांधा कळतो.”

ती शांतता टिपायला काकांना काही त्रास झाला नाही.

रविवारी सकाळी चपला वाजल्या. चटक चटक. दाराशी येऊन थांबल्या. एक लहानसा श्वास ऐकू आला.

“आई, चहा घ्या.”

आईनं पांघरूण बाजूला केलं. कशीबशी उशीला टेकून बसली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिनं पुसलं नाही.

“घेते गं,” ती म्हणाली. “माझं चुकलं, पोरी. तू जिवाचं रान केलंस माझ्यासाठी आणि मी नको ते बोलले.”



आईनं दोन्ही हात जोडले, कपाळाला लावले आणि क्षणभर तसेच धरले. मग एक हात दाराच्या दिशेनं पुढे केला.

“आता आत ये आणि त्या चपला काढ, बाळा,” ती म्हणाली. “गेलेल्या बायकोच्या चपला तुझ्या पायाला लहान पडतात. टाच सोलून निघाली असेल.”