दुसरी रिबीन

डोक्यावरचं यंत्र उतरवलं तेव्हा जेमतेम वीस मिनिटं झाली होती. तेवढ्यात शलाका आणि निनाद त्या यंत्रात बावधनच्या घरात दहा वर्षं राहून आले होते. सकाळी बाणेरची दहा वर्षं झालीच होती.

“बावधनहून ऑफिस फार लांब पडतं गं,” निनाद म्हणाला. “बाणेरचंच घर घेऊ. बारा मिनिटांत ऑफिस, शाळा चालत जाण्याजोगी, फुटपाथवर सावली.”

“बाणेरला आपल्याला मूल झालं नाही. ओवी बावधनला झाली.”

“ही नुसती चाचणी असते, शलाका.”

घरांच्या एजंटने बाणेरचा फॉर्म पुढे सरकवला. सही करताना शलाका आपल्या रिकाम्या मनगटाकडे बघत होती. यंत्र उतरवलं तेव्हा ओवीची एकच वेणी घालून झाली होती. दुसरीची रिबीन तिने त्याच मनगटात अडकवून ठेवली होती.