रिव्हर्स गियर

नातीच्या, उर्वशीच्या लग्नाच्या साली माझ्या धाकट्या जावेनं, नलूनं गाडी घेतली. मी साठीत वाचायला शिकले ते कोणाला दिसलं नाही. ती पन्नाशीत गाडी शिकली तर अख्खी आर्णी वळून पाहायची. दर बाजाराला ती गाडी आमच्या अरुंद गल्लीत थेट माझ्या दारापर्यंत आणून हॉर्न वाजवायची. मिरवायलाच, दुसरं काय.

यंदा उन्हाळ्यात गियरबॉक्स बिघडला. खर्च ऐकून तिचं तोंड उतरलेलं पाहावं म्हणून मीही यवतमाळला सोबत गेले. मेकॅनिक म्हणाला, “वॉरंटी वाढवून घेतलेली आहे, मावशी. पैसे लागत नाहीत.”

तिचं नशीबच तसं.

“पण रिव्हर्स गियर इतका कसा झिजला? गाडी उलटीच चालवता काय?”

नलू हसली. “आमच्या जाऊबाईच्या गल्लीत गाडी वळत नाही न, भाऊ. त्याईचे गुडघे दुखतात, चालणं होत नाही. मंग दारातून घ्या लागते अन् पुरी गल्ली उलटी काढा लागते.”

***

आता बाजाराच्या दिवशी मी गल्लीच्या तोंडापर्यंत पायीच जाते. नलू यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी वारली.