डोंगरावरची रीत

शशीने आग्रह केला म्हणून उदय लंडनजवळच्या इल्फर्डहून स्कॉटलंडच्या डोंगरात हरणाच्या शिकारीला आला. शशीच्या हॉस्पिटलमधल्या गोऱ्या डॉक्टरांचा हा ग्रुप. मराठी बोलणारे दोघंच. उदयची रकसॅकसुद्धा शशीनेच भरून दिली. "जड सामान पाठीला लागून ठेवायचं, म्हणजे खांदे धरत नाहीत," तो म्हणाला.

खांदे धरलेच. चढावर उदयला धाप लागली, पण आपल्यापायी मित्राला मान खाली घालावी लागू नये म्हणून तो निमूट चालत राहिला. शशीचा गुडघा कुरकुरायला लागला, तेव्हा त्याची दुर्बीण आणि पाण्याची बाटलीही उदयने स्वतःच्या सॅकला लटकवली.

माथ्यावर सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. "ओपन इट, मेट!" कोणीतरी ओरडलं. सॅकमधून टॉवेलात गुंडाळलेला, वरवंट्याएवढा दगड निघाला. नवख्याच्या पाठीवर दगड चढवायचा, ही म्हणे त्यांची रीत. एकच हशा पिकला. कसंनुसं का होईना, उदयही हसला. सगळ्यांत मोठ्याने शशी हसत होता.

उतरताना दोघं मागे राहिले.

"तू स्वतःच्या हाताने भरलास तो?" उदयने विचारलं.

शशीने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"इतकी वर्षं दर वेळी माझ्याच सॅकमधून निघायचा रे. या वर्षी म्हणाले, तुमच्यातला दुसरा कोणी घेऊन ये, मग तू आमच्यातला."