रिग्रेटचा अर्थ

"रिग्रेट म्हणजे काय हो, बाई?"

शंकाने पुस्तकातून डोकं वर काढलं. नऊ वर्षांची ही मुलगी दर दोन ओळींना हात वर करी, म्हणून तिचं नावच शंका पडलं होतं. उताऱ्यातल्या म्हाताऱ्याने आपला घोडा विकला होता आणि पुढच्याच वाक्यात हा शब्द आला होता.

बाई तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. आता दुपारी घराच्या पुढच्या खोलीत मुलांचा गृहपाठ करून घेत. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि नजर खोलीच्या टोकाला गेली. तिथे मुलांच्या रांगेत शिवणवाल्या काकू बसल्या होत्या. पेन्सिल सरसावून.

"आठवण काढणं," बाई म्हणाल्या.

शंकाने लिहून घेतलं. काकूंनीही.

जाणूनबुजून शब्दाचा चुकीचा अर्थ सांगायची बाईंची ही पहिलीच वेळ.

काकूंचं शिवणाचं दुकान रस्त्यापलीकडे होतं. नवरा लवकर गेला. मुलगा एकुलता एक. त्याला जहाजावरच्या स्वयंपाकघरात नोकरी हवी होती आणि मुलाखत इंग्रजीत. दोन वर्षं बाईंनी त्याला घासूनपुसून तयार केलं. निवड झाली तेव्हा तो धावत आधी बाईंकडे आला, मग आईकडे गेला.

तीन महिन्यांपूर्वी काकू एक पाकीट घेऊन आल्या होत्या. "जहाजाच्या कंपनीचं आहे, इंग्रजीत. वाचा ना."

बाईंनी पत्र वाचलं. कळवण्यास अत्यंत खेद होतो, अशी सुरुवात होती. वादळात तो डेकवरून पडला. अकरा दिवस शोध घेतला, आता तो थांबवला आहे. बाईंनी मान वर केली. समोर काकू उभ्या होत्या, खांद्यावर निळ्या दोऱ्याचा तुकडा चिकटलेला, डोळे बाईंच्या ओठांवर.

"बरा आहे," बाईंच्या तोंडून निघून गेलं. "जहाज फार लांब गेलंय. तिथून फोन लागत नाही, एवढंच कळवलंय."

उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. उद्या उजाडला आणि जीभ उचलेना. मुलाला घराबाहेर काढणारं इंग्रजी आपलंच, हा काटा आत रुतून बसला होता.

त्यानंतर दर शुक्रवारी मुलं गेली की काकू ते पत्र पुढे करीत. "परत एकदा वाचा."

बाई वाचत. वाचता वाचता पत्र वाढत गेलं. कॅप्टनला त्याच्या हातचं सूप आवडतं. त्याचं वजन वाढलंय. तो सोबत्यांचे केसही कापायला शिकलाय. दोन परिच्छेदांच्या पत्रात इतकं मावतं कसं, हे काकूंनी कधी विचारलं नाही. बाईंना वाटे, भाबडी आहे बिचारी.

"सूप करतो म्हणे!" एकदा काकू हसत म्हणाल्या. "घरी मेल्याने कधी चहाचं पातेलं विसळलं नाही..." आणि मान वळवून पिशवी आवरू लागल्या.

बाईंनी घाईघाईने पत्राची घडी केली.

पुढच्या आठवड्यात काकू म्हणाल्या, "मलाही शिकवा. मुलांत बसेन." नाही कसं म्हणणार? बाईंनी त्यांना फळं दिली, रंग दिले, भांडीकुंडी दिली. समुद्र, वादळ, शोध हे शब्द आसपासही फिरकू दिले नाहीत. पण काकूंचा हात सुईचा. अक्षरं टाक्यांसारखी सरळ पडू लागली. आता त्या छोटे उतारे वाचत, खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहीत. बाईंची झोप उडाली.

रिग्रेटच्या त्या दुपारनंतर तीन दिवसांनी शंका तणतणत आली. वही उघडून बाईंपुढे आपटली. लाल शाईची भलीमोठी फुली.

"तुमचा अर्थ चुकला, बाई! म्हातारा घोड्याची आठवण काढत नव्हता. त्याला पस्तावा झाला होता. रिग्रेट म्हणजे वाईट वाटणं, खेद होणं. सगळा वर्ग हसला मला."

पोरं टकामका बघत राहिली.

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या.

टोकाला काकूंनी वहीचं पान मागे उलटलं, जुना अर्थ खोडला आणि नवा लिहिला.

बाईंनी मुलांना लवकर सोडलं. शुक्रवार होता. खोली रिकामी झाल्यावर काकूंनी पिशवीतून पाकीट काढलं. बाईंनी ते हातात घेतलंच नाही.

"काकू, मी तुम्हाला फसवलं. त्यात सूप नाही, कॅप्टन नाही, काहीच नाही. मला सांगताच आलं नाही हो. मीच शिकवून पाठवलं त्याला. तो..." बाई टेबलावर डोकं टेकून हुंदके देऊ लागल्या.

काकूंनी पत्र उलगडलं. कापड सरळ करावं तशा तळहाताने त्याच्या चुण्या मोडल्या आणि ते बाईंपुढे सरकवलं.

"पत्र आलं त्या दिवशी तुमच्याआधी मी ते घेऊन दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांनी सगळं वाचून दाखवलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तुमचंच वाचा."